घोड्याच्या पाठीवरचा हात

भात कापून झालं की बेळगुंदीच्या शिवारात मेंढरं बसवायला धनगर येतात. बेळगावच्या पश्चिमेचा, राकसकोप धरणाच्या बाजूचा हा लाल मातीचा पट्टा. पावसाळ्यात भात, रताळी. सुगी उलगली की मोकळ्या वावरात मेंढरांचे वाडे. मेंढरांबरोबर कुत्री असतात, कोंबड्या असतात आणि सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालणारी बुटकी, काटक घोडी असतात. तळावर पोचल्यावर आधी घोडी मोकळी होतात, चूल मागाहून पेटते. एका बिऱ्हाडातल्या आजींनी भांड्यांची गोणी उतरवली, वाकळ ओढून काढली आणि सुनेशी बोलता बोलताच घोडीच्या पाठीवरून तळहात मागे फिरवला. एका ठिकाणी हात थांबला. तिथले केस घामाने भिजले नव्हते. आजूबाजूची सगळी पाठ ओली आणि मधोमध रुपयाएवढी जागा कोरडी. आजींनी वाकळ उलटी करून पाहिली. शिवणीचा जाड दोरा नेमका तिथेच येत होता. त्यांनी तो उसवला, वाकळ उन्हात टाकली आणि मग चुलीकडे गेल्या.

ती कोरडी जागा म्हणजे दाबाची जागा. ओझ्याखाली तिथलं रक्त अडतं, घाम फुटत नाही. आज सापडली तर शिवण उसवून भागतं, आठ दिवसांनी सापडली तर जखम होते आणि पुढे कधी कधी तिथे कायमचे पांढरे केस उगवतात. पशुवैद्यकाच्या पुस्तकात खोगिराच्या जखमांबद्दल हेच लिहिलेलं असतं. आजींनी पुस्तक पाहिलेलं नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'स्पर्श' हा विषय कळवला, तेव्हा मनात पहिल्यांदा घोडा आला. घोड्यांना मालिश करणं, त्यांचे आखडलेले स्नायू हातांनी मोकळे करणं, सुया टोचणं, सांधे हलवून देणं ही कामं युरोप-अमेरिकेत आता रीतसर धंदा झाली आहेत. आपल्याकडे हाच हात पिढ्यान्‌पिढ्या पागेत राबत होता. तो आता कुठे उरला आहे आणि त्याने खरंच काय साधतं, हे बघायला बेळगुंदीपासून निपाणी-अंकलीपर्यंतचा आपलाच मुलूख धुंडाळावा असं ठरवलं.

खरारा

बेळगावच्या कॅम्प भागात आयुष्यभर घोड्यांची निगा राखलेले एक म्हातारे मोतद्दार भेटले. गुडघे धरलेत, पण बाह्या वर सारून घोड्यापाशी उभे राहिले की वय दिसत नाही. ते सुरुवात नेहमी डाव्या बाजूने करतात. आधी घोड्याला हात हुंगू देतात, मग मानेवर तळवा नुसता ठेवतात, हलवत नाहीत. घोड्याचा श्वास संथ झाला की खरारा हातात घेतात.

खराऱ्याचे फेर गोल आणि केसांच्या उलट. त्याने मेलेले केस, वाळलेला घाम, माती वर येते. पण हे फक्त मांसल भागावर: मान, खांदा, बरगड्यांची बाजू, पुठ्ठे. कण्याच्या हाडावर, गुडघ्याखाली, तोंडावर खरारा लावायचा नाही. त्यानंतर केसांच्या दिशेने ब्रश. मग खरं काम. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात घोड्याच्या अंगावर आडवा टेकवून, अंगाचा सगळा भार त्यावर देत ते मानेपासून मागे रगडत जातात. खांद्याच्या मागे एक लय, पुठ्ठ्यावर दुसरी. मधूनच दोन्ही हातांच्या ओंजळीने थापट्या. शेवटी ओलं फडकं डोळ्यांना, नाकपुड्यांना आणि शेपटीखाली. एका घोड्याला तासभर सहज लागतो.

सगळ्यात शेवटी पाय. इथे जोर नाहीच. तळवा वरून खाली हलकेच उतरतो, नळीच्या मागच्या कंडरा दोन बोटांत धरून पाहतो, खुराच्या भिंतीवर थांबतो. मग लगेच तोच हात दुसऱ्या पायावर तसाच. एकाच पायाची ऊब किती आहे हे सांगता येत नाही, दोन पायांतला फरक मात्र लगेच कळतो. खुराच्या वर, मागच्या बाजूला बोट टेकवलं तर नाडी लागते. निरोगी खुरात ती इतकी मंद असते की शोधावी लागते. खुराच्या आत दाह असेल तर बोटाखाली ठणठण उडते.

मी त्यांना विचारलं, मालिश केल्याने घोड्याचं काय दुखणं बरं होतं? त्यांनी रगडणं थांबवलं नाही. म्हणाले, "बरं करायला डॉक्टर हाय की. मला कळतंय कुठं दुखालंय ते."

माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म या उत्तरात आहे. रोज तासभर अंगावरून फिरणारा हात घोड्याला सुख देतोच, पण त्याहून मोठं काम म्हणजे तो रोज घोडा तपासतो. काल नव्हतं ते आज त्याला सापडतं. मुक्या जनावराच्या बाबतीत एक दिवस आधी कळणं याला फार किंमत आहे.

घोड्याला बरं वाटतंय हे कसं ओळखायचं? खालचा ओठ सैल पडतो, मान लांबते, डोळे अर्धे मिटतात, घोडा जांभया देतो, लांब फुरफुरतो. दुखत असेल तर कान मागे जातात, शेपूट फटकारली जाते, हाताखालचं कातडं झपकन थरथरतं, कधी दात येतात. मालक या दुसऱ्या प्रकाराला खोड म्हणतात. खोगीर चढवताना चावणारं, पट्टा आवळताना लाथ उगारणारं घोडं द्वाड ठरतं आणि मार खातं. त्यातल्या किती घोड्यांची पाठ दुखत असेल या विचाराने मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद

मराठी मुलखात घोड्याची निगा हा कधीच फावल्या वेळचा उद्योग नव्हता. शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सभासद बखरीत आली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि त्या पंचवीस घोड्यांसाठी एक पखालजी व एक नालबंद. पाणी देणारा आणि खूर बघणारा ही दोन माणसं लढाऊ तुकडीचा भाग होती. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी १६७० च्या दशकात पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच बेहिशेबी उधळलंत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल, असा त्यातला सज्जड इशारा. उंदराने पेटती वात ओढून नेली तर गवताची गंजी जळेल, इथपर्यंत त्यात काळजी घेतली आहे.

घोड्याच्या वैद्यकाची परंपरा याहून जुनी. शालिहोत्र आणि नकुल यांच्या नावावर संस्कृतात अश्वशास्त्राचे ग्रंथ आहेत, जयदत्ताचं 'अश्ववैद्यक' आहे. तंजावरच्या मराठी राजांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या अश्वशास्त्राची सचित्र पोथी होती, ती १९५२ मध्ये छापून निघाली. या ग्रंथांतला मोठा भाग घोडा पारखण्याचा आहे. अंगावरचे भोवरे, रंग, शुभ-अशुभ खुणा. आजही सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या घोडेबाजारात गळ्याखालचा देवमण आणि चारी पाय व तोंड पांढरं असलेला पंचकल्याण यावर किंमत चढते. भोवऱ्यावर लाख रुपये लावणारा माणूस घोड्याची पाठ चाचपून बघत नाही, हे मला पटत नाही. भोवऱ्यावर घोडा चालत नाही.

आपल्या सीमाभागातही पागा होत्या. निपाणीचे सिद्धोजीराव देसाई निपाणकर घोडदळ बाळगून होते. पुढे संस्थानं गेली, टांगे गेले, लष्करात मोटारी आल्या. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टं मिळून ३.४ लाख उरली. २०१२ च्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून अधिक घट. आनंदाची गोष्ट एवढीच की धनगरांच्या त्या बुटक्या घोड्यांना, भीमथडीला, २०२३ च्या अखेरीस स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली.

घोडे कमी झाले तसे मोतद्दारही कमी झाले. पण खूप वेगाने. कारण उरलेला घोडा वेगळ्या कामाला लागला. तो वरातीत उभा राहतो, यात्रेतल्या गाडीच्या शर्यतीत पळतो, बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांपुढे नाचतो. घोडा भाड्याने येतो आणि त्याच्याबरोबर लगाम धरणारं एक पोरगं येतं. रोज तासभर रगडणारा माणूस त्या हिशेबात बसत नाही.

कातड्याखाली

मालिशने नेमकं काय होतं ते समजायचं तर घोड्याची बांधणी थोडी समजून घ्यावी लागते. आपल्या गळ्याखाली जे आडवं हाड बोटांनी चाचपता येतं ते घोड्याला नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत. दोन खांबांच्या मध्ये झोळी टांगावी तशी छाती दोन खांद्यांच्या मध्ये निव्वळ स्नायूंनी आणि पडद्यांनी तोललेली असते. शरीराचं सुमारे ६० टक्के वजन या पुढच्या दोन पायांवर येतं. तीनशे किलोच्या घोड्यात हा भार १८० किलो, आणि त्यावर स्वार किंवा ओझं. त्यामुळे खांद्याच्या आतल्या, छातीच्या आणि मानेच्या बुडाच्या स्नायूंवर रोजचा ताण असतो. जाणता मालिशवाला तिथे सगळ्यात जास्त वेळ देतो.

गुडघ्याच्या खाली मात्र स्नायू नाहीतच म्हटलं तरी चालेल. वरच्या स्नायूंची ओढ लांब कंडरांतून खुरापर्यंत जाते. कंडरांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्या फाटल्या तर भरून यायला महिने लागतात. सुजलेली, गरम झालेली कंडरा रगडण्यासारखी चूक नाही. तिथे गार पाणी, विश्रांती आणि पशुवैद्य.

खूर हा तर स्वतंत्र चमत्कार आहे. पाऊल टेकताना तो किंचित फाकतो, उचलताना आवळतो, आणि या उघडझापीने पायातलं रक्त वर ढकलायला मदत होते. म्हणूनच दिवसभर बांधून ठेवलेल्या घोड्याचे पाय सुजतात. अशा घोड्याला मालिशपेक्षा अर्धा तास चालवणं अधिक उपयोगाचं.

आणखी एक गोष्ट घोडेवाल्यांनी ध्यानात ठेवावी. भरपूर चंदी खाऊन एक-दोन दिवस बसून राहिलेला घोडा अचानक जोरात पळवला तर त्याचे पुठ्ठ्याचे स्नायू कधी कधी दगडासारखे आखडतात. घामाने न्हातो, पाऊल उचलत नाही, लघवी काळपट तपकिरी होते. बघणाऱ्याला वाटतं, गोळे आलेत, रगडून मोकळे करू, चालवून बघू. हे दोन्ही घातक. त्या वेळी स्नायूंचे तंतू तुटत असतात आणि त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात जात असतं. घोडा आहे तिथेच उभा ठेवायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. यात्रेच्या माळावर ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे?

अंकलीची वाट

चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी अंकली आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याचे अश्व इथून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ मध्ये पालखीला आजचं रूप दिलं, तेव्हापासून अंकलीकर शितोळे घराण्याचा हा मान. ज्येष्ठात हिरा आणि मोती हे अश्व अंकली सोडतात. मिरज-सांगली करत, सातारा जिल्हा ओलांडून, पुण्यावरून सुमारे ३०० किलोमीटर पायी चालत ते आळंदीला पोचतात. टेम्पोत घालून नेत नाहीत. आणि ही झाली नुसती सुरुवात, कारण त्यानंतर आळंदी ते पंढरपूर पालखीबरोबरची वाट आहेच.

आपल्या भागातलं घोड्याच्या निगेचं इतकं मोठं काम दुसरं नाही. ते भक्तीच्या झाकणाखाली राहिल्याने त्याकडे कुणी कसब म्हणून बघत नाही. विचार करा. डांबरी रस्ता, ज्येष्ठाचं ऊन, मग एकदम पाऊस. डांबरावर लोखंडी नाल घसरते आणि प्रत्येक पावलाचा हादरा नळीतून वर जातो. मुक्काम पडला की खूर उचलून खडा काढायचा, नालेचे खिळे बघायचे, पायांवर गार पाणी सोडायचं, पाठ पुसून खोगिराखालची जागा चाचपायची. माउलींच्या अश्वावर माणूस बसत नाही, खोगीर मात्र असतं. पुढच्या अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दोघांच्या पाठीची दुखणी वेगळी.

मग रिंगण. तरडगावजवळ चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण, पुढे सदाशिवनगरला पुरंदवड्याच्या माळावर गोल रिंगण. तासन्‌तास संथ चाललेला घोडा लाखोंच्या गजरात अचानक भरधाव सुटतो. वर सैल झालेले स्नायू आणि खाली पावसाने निसरडी झालेली माती. रिंगण सुटल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला आणि अश्वाच्या अंगाला हात लावायला माणसांची झुंबड उडते. घोड्याच्या कातडीला बसलेली माशीही कळते, तेवढ्याच भागाचं कातडं थरथरवून तो ती उडवतो. अशा कातडीवर एकाच वेळी शेकडो अनोळखी हात येतात. तो उधळत नाही याचं श्रेय त्याच्या ओळखीच्या एका हाताला आहे, जो त्या गर्दीतही त्याच्या मानेवर असतो. भाविकांनी दुरून नमस्कार करावा असं मला मनापासून वाटतं. श्रद्धेत त्याने काही उणं पडणार नाही.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, स्नायू आखडतात, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. ती जगभर होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी दमट उकाड्यात घोडे कसे तगतील यावर बरंच संशोधन झालं आणि गार पाण्याने इजा होत नाही, उलट तेच सगळ्यात लवकर तापमान उतरवतं, हे स्पष्ट झालं. पाणी अंगभर, सतत ओतत राहायचं. आषाढातल्या दमट हवेत घाम सुकत नाही, तेव्हा या एका माहितीने घोड्याचा जीव वाचू शकतो.

परदेशातले हात, मोजलेले ठोके

माणसाच्या हाताने घोडा खरंच शांत होतो का, की आपल्यालाच तसं वाटतं? हे मोजलं गेलं आहे. रानात दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांची मान दातांनी खाजवतात. बहुतेक वेळा जागा एकच, मान संपून पाठ सुरू होते तो उंचवटा. फ्रान्सच्या कामार्ग भागातल्या घोड्यांवर १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसाने त्याच जागी हाताने तसं खाजवलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके लक्षणीय कमी झाले. दुसऱ्या जागी खाजवल्यावर तसं झालं नाही. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी मालिशच्या वेगवेगळ्या जागा तपासल्या. तोच उंचवटा, मानेचा मधला भाग आणि पुठ्ठा इथे ठोके सर्वाधिक उतरले. कॅम्पातल्या मोतद्दारांचा हात आधी मानेवर आणि मग पुठ्ठ्यावरच रेंगाळतो, हे मी पाहिलं होतं.

परदेशात या कामाच्या अनेक शाखा झाल्या. कॅनडात जन्मलेल्या लिंडा टेलिंग्टन-जोन्स १९७० च्या दशकात माणसांसाठी हालचालींची पद्धत शिकवणाऱ्या मोशे फेल्डनक्राइस यांच्याकडे शिकल्या आणि ते ज्ञान घोड्यांकडे घेऊन आल्या. त्यांची पद्धत म्हणजे बोटांनी कातडी हलकेच सव्वा फेरा फिरवायची, मग बोटं उचलून पुढे जायचं. जोर जवळजवळ नाहीच. कुणी खोल दाब देतात, कुणी पाय ताणून सांधे मोकळे करतात, कुणी कण्याला झटका देऊन मणके 'बसवतात'. अॅक्युपंक्चर करणाऱ्या पशुवैद्यांची आंतरराष्ट्रीय संस्था १९७४ पासून आहे. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी स्पर्धांत तर मालिश करणाऱ्यांनाही परवाना घेऊनच घोड्याला हात लावता येतो.

या सगळ्याला सारखंच वजन देता येत नाही. मालिशने घोडा सैलावतो, हे पुराव्याने दिसतं. त्याने लंगडेपणा जातो, असा भक्कम पुरावा नाही. पाळीव प्राण्यांवरच्या अॅक्युपंक्चरचे उपलब्ध प्रयोग तपासून २००६ मध्ये जो आढावा निघाला, त्याचा निष्कर्ष असा की कोणत्याही विकारासाठी ते सुचवावं किंवा नाकारावं एवढा ठाम पुरावा हाती नाही. मणके बसवण्याबद्दल मला जास्त शंका आहे. घोड्याचा पाठीचा कणा जाड स्नायूंखाली घट्ट बांधलेला असतो. माणसाच्या हाताने त्यातलं हाड 'सरकलं' आणि परत 'बसलं' ही कल्पना शरीररचनेशी जुळत नाही.

लेप, डाग आणि कायदा

सीमाभागातल्या घरगुती उपायांची यादी लांब आहे. हळद-तेलाचा लेप, कावेचा लेप, तुरटीचं पाणी, सुंठ-ओवा-मेथी-गुळाचा मसाला. यातलं पुष्कळसं निरुपद्रवी. दिवसभर चाललेल्या पायावर गार मातीचा लेप घोड्याला बरा वाटतो, कारण तो गार असतो. मसाल्याने पोट सुधारतं असं म्हणणारे जुने लोक भेटले. पण घोडा वारंवार मागे वळून पोटाकडे बघतोय, लोळतोय, खुराने माती उकरतोय अशा वेळी काढा घशात ओतायचा मोह आवरायलाच हवा. घोड्याला उलटी होत नाही. काढा चुकून श्वासनलिकेत गेला तर पोटदुखीचं घोडं न्यूमोनियाने मरतं.

डागणी मात्र थांबलीच पाहिजे. लंगडणाऱ्या घोड्याच्या पायावर तापलेल्या लोखंडाने रेघा ओढणं इथल्या गावांत अजून चालतं. बैलांच्या अंगावर तर या खुणा सर्रास दिसतात. समज असा की डागाने आतलं दुखणं बाहेर येतं. प्रत्यक्षात डागलेलं घोडं वेदनेने पुढचे काही आठवडे पाय टेकत नाही, त्याला सक्तीची विश्रांती मिळते आणि विश्रांतीने जे बरं होतं त्याचं श्रेय लोखंडाला जातं. विश्रांती डाग न देताही देता येते.

रोग ओळखणं आणि औषध देणं हे नोंदणीकृत पशुवैद्याचं काम. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ तसं सांगतो. मालिश करणाऱ्याने आपली हद्द ओळखली तर त्याचं काम वाढतं, घटत नाही. ताप असलेल्या, अंगावर गाठी किंवा नाकातून चिकट स्राव असलेल्या घोड्याला हात लावू नये, हे तर त्याने स्वतःसाठीही पाळावं. २००६ मध्ये पुणे-पाचगणी परिसरातल्या घोड्यांत ग्लँडर्स हा रोग आढळला होता. तो माणसालाही होतो, आणि या पागेतून त्या पागेत जाणारे हात आणि खरारे तो पसरवू शकतात. प्रत्येक घोड्याचा खरारा वेगळा असावा, हा जुन्या पागेतला दंडक उगाच नव्हता.

आधी नालबंद

निपाणीत एका नालबंदाच्या कामाशी बराच वेळ बसलो. खुराची भिंत महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते. नाल ठोकलेली असेल तर भिंत झिजत नाही, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर कापावा लागतो. मालक पैसे वाचवायला तीन-तीन महिने थांबतात. तोवर खुराचं टोक पुढे वाढतं, पाऊल उचलायला घोड्याला जास्त जोर लागतो, मागच्या कंडरा ताणल्या जातात, खांदा आखडतो, पाठ दुखते. मग मालक म्हणतो, घोडं पाठीत धरलंय, जरा मालिश करून द्या.

नालबंदाने कानस चालवता चालवता हे सगळं सांगितलं. एक घोडं पुढच्या पायाला हात लावू देत नव्हतं. त्याने पाय सोडून दिला, मानेच्या बुडाशी थोडा वेळ खाजवलं, खांद्यावर तळवा फिरवला आणि मग पुन्हा पाय मागितला. घोड्याने दिला. हे तुम्ही कुणाकडून शिकलात, विचारलं तर म्हणाला, बाप असंच करायचा.

मालिश, नाल, खोगीर, चंदी, डॉक्टर ही एकमेकांत गुंतलेली कामं आहेत. परदेशातून आलेली एखादी पद्धत यातलं एकच काम उचलून त्याची महागडी सेवा करते. आपल्याकडे ही सगळी कामं करणारी माणसं अजून आहेत, पण एकमेकांपासून तुटलेली. नालबंद डॉक्टरांशी बोलत नाही, डॉक्टर मोतद्दाराला विचारत नाहीत. अंकलीहून आळंदीला जाणाऱ्या वाटेवर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना पालखीच्या अश्वांबरोबर चालणाऱ्या माणसांकडून घोड्याच्या अंगावरून हात कसा फिरवायचा ते शिकता येईल, आणि त्या माणसांना खुरातली नाडी वाढली तर त्याचा अर्थ काय ते विद्यार्थ्यांकडून. मराठीत यासाठी एक साधी, चित्रांची पुस्तिका हवी. यात्रा समित्यांनी शर्यतीच्या माळावर ती वाटावी.

बेळगुंदीचं जनावर

बेळगुंदीत एका घरी शर्यतीचं घोडं आहे. तांबूस, तरणं, जरा भित्रं. घरातला थोरला मुलगा कॉलेज करून त्याचं सगळं बघतो. फोनवर परदेशातले मालिशचे व्हिडिओ बघून त्याने सुरुवात केली होती. नुसतं रगडून घोडं जास्त पळेल अशी त्याची समजूत होती. मी त्याला कॅम्पातल्या मोतद्दारांकडे घेऊन गेलो. तो त्यांना मामा म्हणू लागला. मामांनी त्याला कित्येक दिवस रगडू दिलंच नाही. फक्त हात फिरव, डोळे मिटून, आणि काय लागलं ते सांग. घोड्याच्या अंगावर कुठे खड्डा आहे, कुठे जुनी गाठ आहे, कुठला पाय नेहमी जरा थंड असतो, हे तोंडपाठ झाल्यावर मग खरारा हातात दिला.

यात्रेच्या आदल्या संध्याकाळी त्या मुलाचा फोन आला. घोडं व्यवस्थित खातंय, लंगडत नाही, पण पुढच्या उजव्या खुराची भिंत डाव्यापेक्षा गरम लागतेय आणि मागची नाडी उडतेय. वडिलांचं म्हणणं, भ्रम आहे, उद्या पळेल. मुलाने मामांना विचारलं. मामा म्हणाले, खूर धुऊन तळ बघ. मऊ त्रिकोणी भागाच्या कडेला काळा ठिपका दिसला. रात्रीच डॉक्टरांना बोलावलं. रताळ्याच्या वावरात कुठेतरी गंजका खिळा रुतला असावा; आत पू धरायला लागला होता. डॉक्टरांनी भोक मोठं करून निचरा केला, पट्टी बांधली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो आणि तो झाला तर क्वचितच वाचतो, हे त्यांनी वडिलांना समोर बसवून सांगितलं.

सकाळी गाडी सजवलेली होती, पैज लागलेली होती, पाहुणे आले होते. वडिलांनी घोड्याच्या खुरावर स्वतः हात ठेवून पाहिला, मग डाव्या खुरावर, मग पुन्हा उजव्यावर. शर्यतीतून नाव काढून घेतलं.

पुढचे पंधरा दिवस मुलाने रोज पट्टी बदलली आणि मालिश फक्त मानेवर आणि पुठ्ठ्यावर केली. नालबंदाला निपाणीहून बोलावून त्या पायाला तळ झाकणारी नाल ठोकून घेतली. आता सहा आठवड्यांनी तो परत यायचा आहे. तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहे, आणि तिच्याखाली चारी खुरांची रोजची नोंद असते: गार, गार, कोमट, गार.